डॉक्टरमावशींचं गुरुवारचं बोलावणं

डॉक्टरमावशी बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा चढत नसत, आणि बोलावलं तर जेवल्याशिवाय उठत नसत. आमच्या ग्लासगोच्या मराठी मंडळींपैकी एकीनं मुलाच्या मुंजीचं आमंत्रण ग्रुपवर टाकलं होतं, ‘सगळ्यांनी नक्की यायचं हं!’ असं. मुंजीच्या दिवशी मावशी घरी टोस्ट खात बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही गेला नाहीत?" तर म्हणाल्या, "मला कुठं बोलावलंय? ‘सगळ्यांना’ बोलावलंय. मी सगळे नाही."

मी त्यांच्या वर दोन मजले राहायचे. जुनी दगडी इमारत, लिफ्ट नाही, आणि जिना असा की सामान घेऊन वर पोचेपर्यंत माणसाला आपले पूर्वज आठवावेत. येताजाता त्यांच्या दाराशी गाठ पडायची आणि मी आपली म्हणायचे, "या ना मावशी वर कधीतरी." नवव्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मला तिथंच थांबवलं. "हे बघ, ‘या कधीतरी’ हे आमंत्रण नव्हे. तो ‘निघा आता’ म्हणायचा सभ्य प्रकार आहे. वार, वेळ आणि पदार्थ, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की त्याला आमंत्रण म्हणायचं." मी नागपूरची. आमच्याकडे वार आणि वेळ ठरवून फक्त पाहुणे मुलगी बघायला येतात. बाकीचे येतात, बसतात, जेवतात, कधीकधी झोपतातसुद्धा. त्यामुळे मी नुसतं "बरं" म्हटलं आणि विसरून गेले.

मावशी मूळच्या मिरजेच्या. उंची जेमतेम पाच फूट, रेशमी साडी, खाली पळायचे बूट आणि वर कैलासवासी नवऱ्याचा घोट्यापर्यंत येणारा रेनकोट. नवरा सर्जन, त्या भूलतज्ज्ञ. ग्लासगोच्या हॉस्पिटलांतून त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं लोकांना झोपवलं आणि, त्यांच्याच शब्दांत, "एकूणएक परत उठवले." नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मुलगा लांब इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. स्वयंपाक त्यांना अजिबात येत नव्हता आणि त्याची लाजही नव्हती. "मी गॅस सोडायचे, पण तो पेशंटला," असं म्हणायच्या.

तर अशा या बाईंना वार, वेळ आणि पदार्थ लिहून, जाड क्रीम रंगाच्या कार्डावर, नावानिशी बोलावणारं सगळ्या ग्लासगोत एकच ठिकाण होतं. ते म्हणजे शहरातला एक कॅसिनो.

झालं होतं असं की, निवृत्तीच्या पार्टीला हॉस्पिटलातल्या मंडळींनी त्यांना तिथं नेलं. दारात कुणीतरी फॉर्म पुढे केला, मावशींनी तो सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचून भरला, आणि दुसऱ्या महिन्यापासून पत्रं सुरू झाली. ‘प्रिय डॉक्टर, येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आपण आणि आपला एक पाहुणा यांनी आमच्याकडे जेवायला यावं. सोबत दहा पौंडांची चिप आमच्याकडून भेट.’ लोक शेकोटीच्या कट्ट्यावर नातवंडांचे फोटो मांडतात. मावशींच्या कट्ट्यावर ही कार्डं ओळीनं उभी असायची, लग्नाच्या पत्रिका जपाव्यात तशी.

मला ग्लासगोत येऊन आठ महिने झाले होते. एका विमा कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायची. दिवसभर इतरांच्या चुका शोधायच्या आणि रात्री एकटीनं पिझ्झा गरम करायचा, असं एकूण आयुष्य. एके दिवशी जिन्यात तोच पिझ्झा काखोटीला मारून चालले होते, तर मावशींनी दार उघडलं. डब्याकडे असं पाहिलं की जणू मी मेलेला उंदीर घेऊन चालले आहे. म्हणाल्या, "गुरुवारी, सहा वाजता, मासा आणि बटाटे. येतेस?" वार, वेळ, पदार्थ. माझा जीव गलबलला हो, खोटं कशाला सांगू. आठ महिन्यांत मला एकटीला असं कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी ‘आपला एक पाहुणा’ झाले. घरी आईला फोनवर सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी फोन करू नकोस, मी मावशींबरोबर जाते. आई इतकी खूश झाली! "गुरुवार धरलास का? दत्त महाराज तुझं कल्याण करोत." दोन वर्षं माझी आई नागपुरात सांगत फिरत होती की पोरगी विलायतेत जाऊन धार्मिक झाली.

मावशींचं खेळणं पाहण्यासारखं होतं. जेवण झालं की फुकटची चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची ती चकती, घ्यायची, रुलेटच्या टेबलाशी जायचं, लाल नाहीतर काळ्या रंगावर ठेवायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. चाक फिरलं, गोळी पडली. हरल्या तर "बरं." जिंकल्या तरी "बरं." दोन्हीपैकी काही झालं की लगेच रेनकोट. स्वतःच्या पर्सला त्यांनी तिथं कधी हात म्हणून लावला नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, अजून एक डाव?" तर भुवई वर करून म्हणाल्या, "लग्नाला गेल्यावर आपण आहेर घेतो आणि घरी येतो. मांडव विकत घेत नाही."

शिवाय नियम आणि अटी. त्या बारीक अक्षरातल्या, ज्या कुणी वाचत नाही, त्या मावशी भिंग घेऊन वाचायच्या. अमुक सोमवारी पहिले वीस पौंड हरलात तर परत मिळतील, तमुक दिवशी आलात तर सोडतीचं तिकीट दुप्पट, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यामुळे सोडतीतली चॉकलेटं त्यांना, नाताळची टोपली त्यांना, एकदा तर चक्क इलेक्ट्रिक ब्लँकेट त्यांना. टोपली उचलून देणाऱ्या मुलाला त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी लोकांना झोपवलं रे बाबा. मला कोण झोपवणार?" तो बिचारा हसला आणि टोपली टॅक्सीपर्यंत पोचवून आला.

तिथं आमची आर्चीशी ओळख झाली. आर्ची म्हणजे सत्तरीचा, लालबुंद गालांचा, कार्पेटचं दुकान विकून बसलेला गृहस्थ. हा कॅसिनोचा खरा लाडका. त्याला आणायला गाडी, न्यायला गाडी, फुटबॉलची तिकिटं, वाढदिवसाला त्याच्या नावाचा केक. मावशींना आधी वाटलं, हा कुणी मोठा खेळाडू असणार. दोन-तीन गुरुवार नीट पाहिल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, हा माणूस एकदाही जिंकलेला नाही. याला इतका मान कसा?" खुद्द आर्चीला त्याचं काही वाटत नव्हतं. "डॉक्टर," तो म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावाला माझा वाढदिवस आठवत नाही. यांना आठवतो." मावशींनी आपल्या बशीतले बटाटे त्याच्या बशीत सरकवले.

मग ओटीचं प्रकरण झालं. कॅसिनोत कर्स्टी नावाची मुलगी पाहुण्यांची ऊठबस करायची. कार्डांवर सही तिचीच. तिला सातवा महिना लागला. मावशींचं म्हणणं, जिच्या सहीनं आपण दोन वर्षं जेवतो तिची ओटी न भरता जेवत राहणं म्हणजे निर्लज्जपणा. मी म्हटलं, "मावशी, घरी बोलवा तिला." तर म्हणाल्या, "घरी मी काय वाढू? ओटी जागेवर भरायची." गुरुवारी त्या खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि सुपरमार्केटातली शेवंती घेऊन आल्या. जेवणाच्या टेबलापाशी व्हायचं ते, पण कर्स्टी नेमकी रुलेटजवळ उभी होती. मावशींनी तिला स्कार्फ पसरायला लावला, कपाळाला कुंकू लावलं, आणि ओंजळीनं तांदूळ घालायला सुरुवात केली. तिसऱ्या ओंजळीला कर्स्टीला गुदगुल्या झाल्या की काय कोण जाणे, ती खुदकन हसली, स्कार्फ हलला आणि अर्धी ओंजळ तांदूळ फिरत्या चाकात.

काय सांगू! खेळ थांबला. काळ्या सुटातला एक मनुष्य धावत आला. चाकाला कुणीही हात लावू नये अशी घोषणा झाली. वर कॅमेऱ्याच्या खोलीत सगळं चित्रण तीन बाजूंनी पाहिलं गेलं आणि एक मुलगी लहानसा ब्रश घेऊन चाकातले दाणे वेचायला बसली. तेवढ्यात नारळाकडे लक्ष गेलं. नोकरांनी खेळाडूंकडून भेट घ्यायची नाही असा नियम असल्यामुळे तो एका वहीत चढवला गेला, ‘नारळ, एक, केसाळ’ असा. आर्ची डोळे पुसत म्हणाला, "अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हरण्यात खंड पडला." मावशी मात्र शांत होत्या. उरलेल्या दोन ओंजळी त्यांनी घातल्याच.

पुढच्या गुरुवारी कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मावशी रोज सकाळी जिना उतरून टपाल बघायच्या आणि हातात पिझ्झाच्या जाहिराती घेऊन वर यायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावून सांगितलं, "माझं चुकलं. नारळ सोललेला न्यायला हवा होता." त्यांची पक्की खात्री झाली की मानपानात काहीतरी राहिलं आणि यजमान रुसले. मग आमच्याकडे रुसवा काढायची जी रीत असते ती त्यांनी साग्रसंगीत केली. हॉस्पिटलच्या वळणाचं दोन पानी पत्र, ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे’, आणि सोबत दुकानातली किलोभर बर्फी.

बर्फी परत आली. पत्राला उत्तर आलं: आपण आमच्या आदरणीय सभासद आहात, आपलं केव्हाही स्वागत आहे, मात्र यापुढे आपल्याला भेटी आणि सवलती मिळणार नाहीत, हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे. मावशींनी ते भिंगाखाली चार वेळा वाचलं. "केव्हाही स्वागत म्हणजे ‘या कधीतरी’," त्या म्हणाल्या आणि जुनी कार्डं कट्ट्यावरून काढायला लागल्या.

खरं काय ते कर्स्टीनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची बाळंतपणाची रजा सुरू होणार होती म्हणून तिनं धीर केला. नारळाचा काही संबंध नाही, ती म्हणाली. कॉम्प्युटर बघतो, कोणाला काय दिलं आणि त्या माणसाकडून परत काय आलं. भेट देऊन बोलावलेला माणूस खेळून हरणार असेल तरच त्या भेटीला अर्थ. तुम्ही जेवता, चिप घेता, जिंकता आणि घरी जाता. तुमचं नाव यादीतून गेलं ते तुम्ही जिंकता म्हणून. "मी तुमच्यासाठी भांडले हो, डॉक्टर," असं म्हणून ती रडायलाच लागली. मावशींनी तिला गप्प केलं, लोहाच्या गोळ्या घेतेस ना विचारलं आणि फोन ठेवला.

मग मात्र त्यांचा पारा चढला. "म्हणजे पेशंट बरा झाला म्हणून डॉक्टर रुसला! इतकी वर्षं मला वाटलं हा मान आहे. गळाला लावलेलं गांडूळ होतं ते. आणि आपण काय केलं? गांडूळ खाल्लं आणि गळ तसाच परत दिला." मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना लागलं होतं, मनापासून लागलं होतं. मी पटकन म्हटलं, "मावशी, गुरुवारी, सहा वाजता, माझ्याकडे, वरणभात आणि वांगं." वार, वेळ, पदार्थ, सगळं बिनचूक. पण त्यांनी मान हलवली. "आज बोलावतेस ते माझी कीव येऊन. कीव आली की ते आमंत्रण राहत नाही गं, तो डबा होतो."

असे माझे गुरुवार गेले. मी वर, त्या खाली, मध्ये दोन मजले आणि त्यांचा ताठा. मी वर पिझ्झा खायची, त्या खाली टोस्ट खायच्या. मला सांगायला लाज वाटते, पण मला त्या कॅसिनोचा जितका राग आला तितका आयुष्यात कुठल्या माणसाचा आला नाही.

महिन्याभरानं मावशींनी मला निरोप धाडला. खाली गेले तर आर्ची बसलेला, हातात चहा. मावशी म्हणाल्या, "ठरलं. मी हरणार." हरलं की यादीत नाव परत येतं, कार्ड परत येतं, गुरुवार परत येतो. जे त्यांच्याकडून आलं ते त्यांनाच द्यायचं, त्यात आपलं काय जातं? आणि हरायला शिकवणारा गुरू घरचाच होता. न बोलावता जायचा प्रश्नही आर्चीनं सोडवला. त्याच्या कार्डावर ‘आपण आणि आपला एक पाहुणा’ होतंच, तेव्हा मावशी त्याच्या पाहुण्या. मी न बोलावता गेले. मला काय, मी नागपूरची.

पहिल्या खेपेला मावशींनी एक चिप लालवर ठेवली आणि तेवढीच काळ्यावर. "एकदम कशाला? हळूहळू हरू." एक यायची, एक जायची. पाऊण तास असं चाललं. आर्ची अखेर वैतागून म्हणाला, "डॉक्टर, याला हरणं म्हणत नाहीत, याला विणकाम म्हणतात."

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, एकाच आकड्यावर लावा, तो येत नाही. मी अकरा वर्षं नऊवर लावतो आहे, मला विचारा. आणि सौजन्य म्हणून त्यानं त्या दिवशी आपला नऊ मावशींना दिला आणि स्वतः चौदावर गेला. चाक फिरलं. नऊ. सगळं टेबल टाळ्या वाजवतंय, चाक फिरवणारी मुलगी चिपांचा ढीग मावशींकडे ढकलतेय, आणि मावशी कपाळाला हात लावून "अरे देवा, अरे देवा" करताहेत. आर्चीचा चेहरा तर पाहवत नव्हता. त्यानं त्या ढिगाकडे बघितलं, नऊकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून मटकन बसला.

तिसऱ्या खेपेला पत्ते. या खेळात पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं चांगलं. एकवीसच्या वर गेलात की मेलात. मावशींकडे अठरा झाले. अठरावर शहाणा माणूस गप्प बसतो. आर्ची मागून कुजबुजला, "मागा अजून एक." मावशी मान वळवून त्याच्यावर खेकसल्या, "अठरावर पान मागायचं? म्हणजे अक्कल गहाण टाकायची?" पण मागितलं. डोळे मिटून मागितलं. तिर्री आली. एकवीस.

मावशी पत्त्यांकडे बघत बसल्या. त्यांनी चिपा उचलल्या नाहीत, की ‘बरं’ म्हटलं नाही. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे डॉक्टर दर रविवारी माझ्याशी रमी खेळायचे, आणि दर रविवारी हरायचे. हातातला जोकर टाकून द्यायचे गं! मी म्हणायचे, तुम्हाला डोळे आहेत की बटणं? सर्जन माणूस, दहा वर्षांपूर्वीच्या पेशंटचं पित्ताशय लक्षात, आणि कुठलं पान गेलं ते लक्षात नाही? मला वाटायचं, पत्त्यांत ढ आहेत." त्यांनी कॅसिनोच्या कागदी रुमालात नाक शिंकरलं. "मला तीनदा हरायला जमेना. त्यांनी चाळीस वर्षं केलं, आणि चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. चल, घरी जाऊ."

त्यानंतर हरण्याचा विषय बंद झाला. यादीत नाव येण्याची आशाही गेली. दोन गुरुवार असेच गेले. तिसऱ्या गुरुवारी मी कुकर लावून बसले होते, तर सहाच्या सुमाराला जिन्यात पावलं ऐकू आली. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. मधूनच "हुश्श" आणि मिरजेकडचा एक छोटासा अपशब्द. दार उघडलं तर मावशी. रेशमी साडी, पळायचे बूट, गुडघ्यावर एक हात. मागे आर्ची.

"बोलावलं नव्हतंस," मावशी म्हणाल्या, "तरी आले. हा मला कॅसिनोत न्यायला आला होता, यालाही आणलं. यालाही बोलावलेलं नाही." मी नुसती दारातून बाजूला झाले आणि त्यांच्या गळ्यात पडून रडले. मावशी म्हणाल्या, "पुरे. कुकरची शिट्टी झाली बघ."

तीन माणसांना दोन वांगी. मी आपला नागपुरी हात सैल सोडला होता. आर्चीनं पहिला घास घेतला, आधी लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल, आणि म्हणाला, "अप्रतिम." त्यानं दह्याचं भांडं मांडीवरच घेतलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजायला लागला. कॅसिनो. दर गुरुवारी सहाला येणारा माणूस आला नव्हता ना! ‘प्रिय आर्ची, आज आपली वाट पाहत आहोत.’ दहा मिनिटांनी, ‘आपल्यासाठी खास जेवण आणि वीस पौंडांची चिप.’ मग, ‘दाराशी गाडी पाठवू का?’ मग हॉटेलात एक रात्र, दोघांसाठी, न्याहारीसकट. मावशी चष्मा लावून एकेक मोठ्यानं वाचत होत्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अरे, हा तर दिवाळसणाला रुसलेला जावई! थांब, आता अंगठी काढतील."

आर्चीला जावयाचं रुसणं समजावून सांगायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी उठून तिकडे गेलो तर हे मेसेज थांबतील?" मावशी म्हणाल्या, "ते थांबणार नाहीत. तू बस." त्यानं फोन बंद केला आणि सोफ्यावरच्या उशीखाली ढकलला. मग मावशींनी त्याला त्याचा वाढदिवस विचारला आणि मला म्हणाल्या, "लिहून घे." मी लिहून घेतला. आर्ची दह्यात बघत बसला.

पुढे सव्वा वर्ष दर गुरुवारी दोघं येत. मी कधी बोलावलं नाही. बोलावलं तर मावशी येणार नाहीत अशी मला भीती होती, आणि आर्चीला तर वाटायचं की महाराष्ट्रात बोलावणं हे अपशकुनीच मानतात. त्याचं कॅसिनोत जाणं आधी कमी झालं, मग बंद झालं. त्याच्या फोनवर मात्र पुढे कितीतरी महिने मिनतवाऱ्या चालू होत्या. मावशींना तिकडून एक ओळ आली नाही. याचा त्यांना हळूहळू अभिमान वाटायला लागला. नव्या माणसाशी ओळख झाली की सांगायच्या, "मी भूलतज्ज्ञ, निवृत्त. आणि कॅसिनोनं माझा धसका घेतलाय."

मग गुडघ्यांनी दगा दिला. जिना रोजचा होईना. मिल्टन कीन्सच्या मुलानं आपल्या घरी खालच्या मजल्यावर खोली तयार केली, सूनबाईंनी स्वतः फोन करून वार, वेळ आणि पहिल्या दिवसाचा मेनू सांगितला. आमंत्रणात खोट काढायला जागाच नव्हती. मावशींनी भिंग लावून शोधली असती तरी सापडली नसती. शुक्रवारी पहाटे निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी गुरुवार होता. मुलगा गाडी घेऊन आला होता आणि खाली खोकी बांधत होता. मावशींना वर यायला वीस मिनिटं लागली. आर्चीनं मागून आधार दिला, मी पुढून हात धरला. माझं आमटीत मीठ टाकायचं राहून गेलं होतं आणि तिघांपैकी कुणी ते म्हटलं नाही. मुलाचा खालून फोन आला, आई, आटप लवकर, पहाटे उठायचंय, आठ तासांचा रस्ता आहे. आर्ची उठून आपली बशी धुवायला लागला. मीही उठले, ताटं उचलायला.

मावशींनी आपलं ताट माझ्या हातून काढून घेतलं आणि परत पुढ्यात ठेवलं. "बस खाली," त्या म्हणाल्या. "आणि भात वाढ अजून. आपल्याला कुठं कुणी बोलावलंय, वेळेवर उठायला?"